वस्तीत झाड लावायचंय? रोपाआधी पाणी घालणारा शोधा

नाशिकमध्ये जूनचा पहिला दमदार पाऊस झाला की वृक्षारोपणाची घाई उडते. फावडं, रोप, फोटो. मे महिन्यात त्याच जागी वाळकी काडी आणि वाकडा ट्री गार्ड उरतो. आमच्या गल्लीत पहिल्या वर्षी हेच झालं. रोपं फुकट आली होती, पाणी कोण घालणार हे कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून फुलेनगर, वडाळागावसारख्या दाट वस्तीत क्रम उलटा धरावा.

आधी माणूस. मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी घरोघर फिरा. ‘झाड हवं का?’ असं विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात. ‘दारात झाड आलं तर अडचण काय होईल?’ असं विचारा, मग खरं बाहेर येतं. गाडी कुठं लावू? पन्हाळीत पाला अडकेल. खांबावरचा दिवा झाकला तर मुलींनी रात्री यायचं कसं? या शंका रास्त आहेत, तिथे जागा बदला. एका आजींनी मला सुनावलं होतं, ‘दुपारी माझ्या ओट्यावर सावली येणार नसेल तर मी कशाला पाणी घालू?’ आम्ही खड्डा ओट्याच्या पश्चिमेला सरकवला. प्रत्येक रोपाला एक घर ठरलं की पुढे जा.

मग जागा. जमीन महापालिकेची, एमआयडीसीची, म्हाडाची की खासगी, ते पाहा. पालिकेची असेल तर उद्यान विभागाकडे अर्ज करून पोच घ्या. पाण्याची लाइन, ड्रेनेजचं चेंबर आणि महावितरणच्या तारा टाळा. १९७५ च्या वृक्ष कायद्यामुळे झाड नंतर तोडायला परवानगी लागते, तेव्हा विचार आत्ताच करा.

रोप. पंचवटीचं नाव पाच वडांवरून पडलं असं म्हणतात, तरी वड-पिंपळ गल्लीत नकोत, मुळं भिंतीत शिरतात. कडुनिंब, करंज मैदानाच्या कडेला शोभतात. बोळात कांचन, बहावा, पारिजातक लावा. कढीपत्त्याला लोक आपणहून जपतात. शेवग्यालाही जपतात, पण त्याची फांदी ठिसूळ, पत्र्यावर नको. केवळ भराभर वाढतो एवढ्यासाठी कोनोकार्पस हे परदेशी शोभेचं झाड घेऊ नका, गुजरातने २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली आहे. रोप पाच-सहा फूट उंच घ्या, नाहीतर शेळ्यांची मेजवानी होते. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत रोपं स्वस्त पडतात.

खड्डा मेमध्येच काढा, दोन फूट लांब, रुंद आणि खोल, आणि उन्हात तापू द्या. वस्तीत खाली हमखास विटांचे तुकडे, सिमेंट निघतं, ते काढून टाका. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड असं भरा. पिशवी ब्लेडने कापा, मातीचा गोळा फुटू देऊ नका. पिशवीत होतं तेवढंच खोल लावा. शेजारी बांबू रोवून सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यात सैल बांधा, खोड हलायला वाव हवा. ट्री गार्डला पैसे नसतील तर बांबूच्या कामट्या आणि जुनं नायलॉनचं लुगडं चालतं.

पाणी. पावसाळा संपला की आठवड्यातून दोनदा बादलीभर, उन्हाळ्यात एक दिवसाआड. तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी उत्तम, साबणाचं नको. नळ थोडाच वेळ येत असेल तर जुन्या माठाच्या बुडाला बारीक भोक पाडा, त्यात सुती चिंधीची वात घाला आणि रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरा. झाकण घट्ट बसवा, नाहीतर डास होतात. आळ्यात पालापाचोळा पसरा. असे निदान दोन उन्हाळे काढायचे.

आणि गल्लीचं काँक्रिटीकरण सुरू झालं की त्या दिवशी कुणीतरी घरी थांबा. ठेकेदाराची माणसं सिमेंट थेट खोडापर्यंत नेतात. बुंध्याभोवती चारी बाजूंनी एक मीटर माती उघडी ठेवायला सांगा, आणि ओतून होईपर्यंत तिथून हलू नका.