कुठल्या गाण्याला कुठली गिटार? सोलापूरकरांसाठी थोडं सविस्तर

गिटार घ्यायची म्हणलं की पोरं पहिलं विचारतात कुठल्या कंपनीची घेऊ, आणि दुसरं विचारतात कितीला बसेल. दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत भावांनो. आधी हे ठरवा की तुमचा उजवा हात रोज काय करणार आहे, पिक (छोटी प्लॅस्टिकची पट्टी) धरून जोरात स्ट्रमिंग मारणार, म्हणजे सगळ्या तारा एकदम, का बोटांनी एकेक तार छेडणार, का दुसरं कोण गात असताना मागं हळू साथ देणार. एवढं ठरलं की दुकानातल्या निम्म्या गिटारी आपोआप बाजूला पडतात.

कॉलेजचं गॅदरिंग, गणपती मंडळ, रात्री मित्रांचा घोळका, हिंदी पिक्चरची गाणी, असं सगळं असेल तर सरळ ड्रेडनॉट घ्या. रुंद खांद्याची आणि कंबर कमी असलेली जी मोठी गिटार सगळीकडं दिसते ती हीच. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीनं 1916 मध्ये हा आकार पहिल्यांदा बनवला आणि तो आजपर्यंत चालतोय कारण आवाज मोठा, बेस भरीव, माईक नसला तरी दहा-पंधरा जणांच्या गाण्यात ती ऐकू येते. वरची फळी स्प्रूस लाकडाची बघा, कितीही जोरात मारलं तरी सूर फाटत नाही. तारा 12-53 जाडीच्या लावल्या तर आवाज दमदार पण नवीन माणसाची बोटं सोलून निघतात, म्हणून पहिले काही महिने थोड्या पातळ 11-52 वर काढा. उंची कमी असेल किंवा हात लहान असतील तर ड्रेडनॉटवर उजवा खांदा वर उचलून बसावं लागतं आणि अर्ध्या तासात दुखायला लागतो, अशांनी थोडी लहान बॉडी बघावी. यामाहाचंच उदाहरण देतो, एफजी 800 ची स्केल, म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी, 650 मिलिमीटर आहे आणि एफएस 800 ची 634, दोन्हीची वरची फळी सॉलिड (अखंड लाकडाची) स्प्रूस, पण दुसरीवर फ्रेट (गळ्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) जवळजवळ येतात आणि बॉडी पण छातीला नीट बसते.

भावगीत, गझल, फिंगरस्टाइल (नुसत्या बोटांनी), एकट्यानं बसून वाजवायचं असेल तर ओएम किंवा कॉन्सर्ट आकार. कंबर बारीक, बेस आटोपशीर, आणि प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. इथं नटची, म्हणजे गळ्याच्या वरच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात तिची, रुंदी नक्की विचारा. साध्या गिटारीला 43 मिलिमीटर असते आणि बोटांनी वाजवणाऱ्यांसाठी केलेल्या गिटारीला 44 च्या पुढं, फरक कागदावर काहीच वाटत नाही पण सी कॉर्ड धरून मधल्या तारा छेडून बघा, बोट शेजारच्या तारेला लागून ती मुकी होते का नाही ते लगेच कळतं. ज्यांचा हात हलका आहे त्यांना सीडर लाकडाची फळी आवडेल, हळू छेडलं तरी बोलते.

आता भजनाचं, कारण हे कुणी नीट सांगत नाही आणि आपल्या जिल्ह्यात तर पंढरपूरच आहे, घरोघरी पेटी आणि गल्लोगल्ली भजनी मंडळ. पेटी, तबला किंवा पखवाज आणि चार आवाज यांच्यात ड्रेडनॉट घेऊन बसलात तर तिचा बेस डग्ग्याच्या अंगावर जातो आणि सगळा गलका होतो. इथं पण कॉन्सर्ट बॉडीच पायजे, आणि तिच्यासोबत चांगला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी वर नेणारा चिमटा. गायक पेटीची काळी एक पट्टी म्हणाला तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सीचे शेप (सी पट्टीच्या कॉर्डची बोटांची ठेवण) वाजवा, काळी दोन असेल तर तिसऱ्यावर कॅपो आणि सीचेच शेप, पांढरी चार असेल तर तिसऱ्यावर कॅपो आणि डीचे शेप. बायकांचं भजन असेल तर काळी चार, काळी पाच पण येते, तेव्हा जीचे शेप धरा आणि कॅपो पहिल्या किंवा तिसऱ्या फ्रेटवर. अजून एक, जुन्या पेट्या बऱ्याचदा मोबाईलच्या ट्यूनरशी जुळत नाहीत, थोड्या वर किंवा खाली असतात. पेटीला आपण फिरवू शकत नाही, म्हणून ॲप बंद करा आणि पेटीचा सूर धरून गिटार लावा. भजनासाठी गिटार घेताय तर दुकानातच कॅपो लावून वाजवून बघा, कारण मोकळ्या तारांवर गोड वाटणारी गिटार कॅपो लावल्यावर बेसूर होते असं स्वस्तातल्या मालात होतं.

नायलॉन तारांची क्लासिकल गिटार ही वेगळीच चीज. वेस्टर्न क्लासिकल, बोसानोव्हा, शांत सोलो यासाठी. नट 52 मिलिमीटरची असते त्यामुळं गळा एकदम रुंद लागतो, पण बोटांना त्रास कमी. यामाहा सी 40 सुरुवातीला पुरते. कुणी सांगितलं तरी तिच्यावर स्टीलच्या तारा लावू नका, नायलॉनचा एकूण ताण साधारण 40 किलो आणि स्टीलचा 70 च्या वर, ब्रिज (फळीवरची तारा अडकवायची पट्टी) उपटून निघतो. फ्लेमेंको (स्पेनचं संगीत) करणाऱ्यांनी खालच्या ॲक्शनची, म्हणजे तारा फ्रेटच्या जवळ असलेली, बघावी, बाकी तेच.

स्लाइडवर (तारांवर धातूचा तुकडा सरकवत) राग वाजवायचा असेल, हिंदुस्थानी संगीत गिटारीवर आणणारे ब्रिजभूषण काब्रा किंवा 1994 ला ग्रॅमी मिळालेले विश्वमोहन भट्ट यांच्या वाटेनं जायचं असेल, तर ताराच उंच पायजेत, नाहीतर स्लाइड फ्रेटवर आपटते. साधी गिटार नट उंच करून चालवता येते, पण ते शिकवणाऱ्याला विचारून करा.

आता सोलापूरचं ऊन. मार्च ते मे हवा इतकी कोरडी की लाकूड आकसतं, पारा 42 च्या पुढं गेला की सॉलिड फळीला चिरा जाऊ शकतात, आणि गळा आकसून फ्रेटची टोकं बाहेर येतात, हाताला टोचतात. गिटारीला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. त्यामुळं पहिली गिटार असेल, घरात एखाद्या खुंटीला टांगून ठेवणार असाल तर लॅमिनेटेड टॉप (थर चिकटवलेली वरची फळी) घ्या, मी मनापासून सांगतोय, आवाज थोडा बंद असतो पण उन्हाळा निभावते. सॉलिड घेतलीत तर बॅगेत ठेवा आणि भोकं असलेल्या साबणाच्या डबीत ओला करून पिळलेला स्पंजचा तुकडा घालून बॅगेत गिटारीजवळ सोडा, आठवड्यातून दोनदा हात लावून बघा, वाळला की परत ओला. कुलरच्या झोतासमोर ठेवू नका, आणि उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात नको, डिंक सैल होऊन ब्रिज उचलतो. पावसाळ्यात उलटं, लाकूड फुगतं आणि ॲक्शन वर जाते.

दुकानात गेल्यावर, नवी पेठेत असो किंवा हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाऊन असो, आधी गिटार ट्यून करा. मग तीन एटीएम कार्डं एकावर एक धरा, साधारण सव्वादोन मिलिमीटर होतात, आणि बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली सरकवा. नुसती टेकून जात असतील तर स्टीलच्या गिटारीची ॲक्शन बरोबर आहे. मधे खूप जागा राहिली तर बोटांचे हाल आहेत. ब्रिजच्या मागच्या कडेला कागदाचा कोपरा घालून बघा, आत गेला तर ती गिटार खाली ठेवा. नंतर प्रत्येक फ्रेट एकेक करून वाजवा, कुठं खरखर येते का ते ऐका, आणि बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर एकच येतोय का बघा. स्टेजवर वाजवणार असाल तर पिकअपवाली (तारांचा आवाज ॲम्पला पोचवणारं यंत्र बसवलेली) घ्या आणि ॲम्पला लावूनच ऐका, नुसतं बटण दाखवलं म्हणून विश्वास ठेवू नका.

पैसे देण्याआधी ॲक्शन आणि सेटअप दुकानदाराकडूनच करून घ्या, आणि ट्रस रॉडची (गळ्याचा वाक नीट करायच्या आतल्या सळईची) ॲलन की मागून घेऊन बॅगेच्या खिशात टाका, पावसाळा सुरू झाला की लागेल.