ठाण्याहून विमान पकडताय? अंतर आणि वेळेच्या हिशोबात या चुका टाळा

तिकीट काढताना नुसतं ‘मुंबई’ वाचून पैसे भरू नका, विमानतळाचा कोड बघा. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटतात. तिचा कोड एनएमआय, जुन्या विमानतळाचा बीओएम. दिल्लीचं हवाई अंतर दोन्हीकडून जवळपास तेच, साधारण 1,140 किलोमीटर. फरक पडतो तो रस्त्यावर. ठाण्याहून सहारला, म्हणजे जुन्या विमानतळाला, जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) जायचं, उलव्याला, म्हणजे नव्या विमानतळाला, ऐरोली आणि ठाणे-बेलापूर रस्त्याने. चुकीच्या विमानतळावर उतरलात तर मध्ये चाळीसेक किलोमीटर; तेवढ्यात विमान गेलंच समजा. गोव्यालाही तसंच: दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स.

सगळ्यात मोठी गफलत भागाकारात होते. दिल्लीच्या 1,140 किलोमीटरला विमानाच्या ताशी 850 किलोमीटर वेगाने भागलं की एक तास वीस मिनिटं येतात, आणि वेळापत्रक सव्वादोन तासांच्या आसपास सांगतं. दोन्ही खरं आहे. वेळापत्रकातली वेळ विमान गेटवरून मागे सरकतं तेव्हापासून दिल्लीच्या गेटला लागेपर्यंत मोजतात. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग आली. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. 10,000 फुटांखाली वेग सहसा 250 नॉटपर्यंतच, म्हणजे ताशी 463 किलोमीटर. हवाई मार्गही सरळ रेषेत जात नाही, आणि उतरायला गर्दी असली की घिरट्या आल्याच. म्हणून देशांतर्गत प्रवासाला भागाकाराच्या उत्तरात 45 ते 60 मिनिटं मिळवा.

जातानाचा वेळ येताना तसाच धरू नका. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो; कोलकात्याला जाताना तो पाठीशी असतो, परतताना समोरून येतो.

परदेशी तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या गावची असते. सकाळी 10 ला सुटून दुबईला 11:50 ला पोहोचणार असं दिसलं तरी प्रवास 3 तास 20 मिनिटांचा, कारण तिथलं घड्याळ दीड तास मागे आहे. लंडनचा फरक हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार.

घरून निघायची वेळ विमान सुटण्याच्या वेळेवरून काढू नका. देशांतर्गत काउंटर साधारण 60 मिनिटं आधी बंद होतं. सामान द्यायचं असेल तर तिथून मागे मोजा आणि घोडबंदर रोडची संध्याकाळ वेगळी धरा.

एक्सेलमध्ये अक्षांश-रेखांशांवरून अंतर स्वतः काढत असाल तर दोन ठिकाणी घोळ होतो. अक्षांश 19 अंश 5 मिनिटं म्हणजे 19.05 नव्हे, 19.083, एवढ्याने जवळजवळ पावणेचार किलोमीटर सरकतात. आणि साइन-कोसाइनला अंश चालत नाहीत, आधी रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) करा. पृथ्वीची त्रिज्या 6,371 किलोमीटर धरून बीओएम ते दिल्ली 1,138 च्या आसपास आलं पाहिजे. 614 आलं तर ते नॉटिकल मैल आहेत, किलोमीटरसाठी 1.852 ने गुणा.