छातीत कफ असताना धावायचं का?
नुसतं नाक गळतंय, घसा खवखवतोय, तर रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या घट्ट वाळूत अर्धा तास सावकाश धावायला हरकत नाही. पण खोकला छातीतून येतोय, अंग मोडून आलंय किंवा ताप आहे, तर मॅरेथॉन कितीही जवळ असो, बूट कोपऱ्यातच राहू द्या. तापात दामटून धावलं तर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. आठवडाभराच्या विश्रांतीने कमावलेला दम फारसा जात नाही, खरंच. सकाळी अंथरुणातच नाडी मोजा. नेहमीपेक्षा 10 ठोके जास्त असतील तर आणखी थांबा. छातीत दुखलं, धाप लागली तर लगेच डॉक्टर गाठा. बरं वाटल्यावर आधी सपाटीवर निम्मं अंतर, आरे-वारेचा चढ सगळ्यात शेवटी.