नव्या देशात धंदा उभा करताय? या चुका टाळा

परदेशात जाऊन धंदा काढणारी माणसं कष्टात सहसा कमी पडत नाहीत. चुकतो तो क्रम. आधी जागा भाड्याने घेतली जाते, मग कंपनीची नोंदणी, मग बँकेत खेटे, आणि व्हिसाचा प्रश्न आठवतो शेवटी. मी तरी तो पहिल्याच दिवशी सोडवा असं सांगेन.

कंपनी काढता येते, म्हणून कामही करता येतं असं समजणं

या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरचा माणूस कंपनीचा मालक होऊ शकतो. पण नोकरी देणाऱ्या ज्या कंपनीने त्याच्या व्हिसासाठी अर्ज केला, तिच्याकडेच त्याला काम करता येतं. स्वतःच्या कंपनीतलं कामही त्याला अपवाद नाही. ब्रिटनमध्ये स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाई आहे. विद्यार्थ्यांना कामाचे ठरावीक तास मिळतात, पण ते नोकरीसाठी. फ्रीलान्स काम किंवा ऑनलाइन विक्री त्यात बसत नाही, आणि चांगली हुशार मुलं इथेच फसतात. एस्टोनियाने २०१४ मध्ये सुरू केलेल्या ई-रेसिडेन्सीचाही, म्हणजे परदेशी माणसाला मिळणाऱ्या डिजिटल ओळखीचाही, असाच गैरसमज होतो. तिच्यावर कंपनी दुरूनही चालवता येते, पण त्या देशात राहण्याचा हक्क मिळत नाही आणि तुम्ही कर कोणत्या देशात भरायचा, तेही तिच्यामुळे बदलत नाही.

चूक आधीच झाली असेल तर काम थांबवा, नवं बिल फाडू नका आणि व्हिसाच्या पुढच्या अर्जाआधी इमिग्रेशनचा वकील गाठा. अर्जात लपवाछपवी कृपा करून करू नका. मूळ चुकीपेक्षा ती जास्त महागात पडते.

नफा नाही, मग कर कसला?

विक्रीकराची नोंदणी उलाढालीवर ठरते, नफ्यावर नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून व्हॅटची मर्यादा ९०,००० पौंड आहे, आणि ती मोजतात कुठल्याही सलग १२ महिन्यांच्या विक्रीवर. आर्थिक वर्ष संपायची वाट बघत बसलात तर मर्यादा कधीच ओलांडलेली असते. जीएसटीसाठी ऑस्ट्रेलियात बहुतेक धंद्यांना ७५,००० डॉलर, तर कॅनडात लागोपाठच्या चार तिमाहींत ३०,००० डॉलर ही रेषा आहे. नोंदणी उशिरा झाली तर मधल्या काळाचा कर तुम्हीच भरायचा. गिऱ्हाइकाकडून तो घेतलेलाच नसतो, म्हणजे तो खिशातून जातो. दर महिनाअखेरीला मागच्या १२ महिन्यांची बिलं बेरजेला घ्या. रेषा ओलांडली गेली असेल तर खात्याची नोटीस येण्याआधी आपणहून कळवा. ब्रिटनमध्ये आपणहून सांगणाऱ्याचा दंड कमी होतो.

बँकेने नाही म्हटलं, म्हणून पाच बँकांत अर्ज

जुन्या देशातली पत सहसा तुमच्याबरोबर येत नाही. कर्जाचा प्रत्येक अर्ज नोंदला जातो आणि लागोपाठचे अर्ज पाहून बँका आणखी बिचकतात. त्याऐवजी ठेव ठेवून मिळणारं क्रेडिट कार्ड घ्या, दरमहा पूर्ण फेडा आणि सहा-आठ महिने धीर धरा. धंद्याचं खातं मात्र पहिल्या दिवसापासून वेगळं.

भाव जुन्या चलनात मोजणं

याचं मला फार वाईट वाटतं, कारण यात माणूस स्वतःचं मोल स्वतःच कमी करतो. मिळणारी रक्कम जुन्या चलनात मोठी दिसते, म्हणून तो कमी भाव सांगतो. भाडं, विमा, पगार मात्र नव्या चलनातच जातात. पहिली गिऱ्हाइकं बहुधा आपल्याच भाषेतली असतात. त्यांचा आधार मोठा असतो, पण ओळखीची सवलत आणि उधारी यांत सहा महिन्यांत दमछाक होते. कमी भाव आधी सांगितला गेलाच असेल तर जुन्यांना एक तारीख सांगून वाढवा आणि नव्यांना सुरुवातीपासून पुरा लावा.

तोंडी भागीदारी

कागद नाही म्हणजे भागीदारीच नाही, असं नसतं. इंग्लंडमध्ये दोघे मिळून नफ्यासाठी धंदा करत असतील, तर १८९० चा भागीदारी कायदा त्यांना भागीदार मानू शकतो. वेगळा करार नसेल तर नफा-तोटा समसमान, मग एकाने पैसे घातलेले असोत किंवा दुसऱ्याने नुसता वेळ. धंद्याच्या कर्जासाठी तुमची खासगी मालमत्ताही धरली जाऊ शकते. धंदा सुरू होऊन वर्ष झालं असलं तरी आजच बसून लिहा: कोणाचे किती पैसे, कोण कोणतं काम बघणार, आणि एकाला बाहेर पडायचं झालं तर त्याला काय द्यायचं. हा शेवटचा मुद्दा संबंध चांगले असतानाच लिहून होतो.