बीबी आणि क्रँक बसवायला घेण्याआधी

पावसात सायकलवर खडकवासल्याच्या दोन-चार फेऱ्या झाल्या की सीटच्या नळीतून झिरपलेलं पाणी खाली बीबीपाशी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे दोन्ही क्रँकना जोडणारा एक्सल आणि त्याचे बेअरिंग) साठतं आणि श्रावण सरता सरता पायडल मारताना करकर सुरू होते. तरी लगेच नवी बीबी आणू नका. आधी क्रँक, म्हणजे ज्याच्या टोकाला पायडल असतं तो दांडा, धरून आतबाहेर हलवा. दोन्ही क्रँक एकत्र खुळखुळले तर बीबी गेली. एकच हलला तर त्या क्रँकचा बोल्ट सैल आहे. ही तयारी चौकोनी एक्सलच्या सीलबंद बीबीची. आजोबांच्या कॉटर पिनच्या (क्रँक खिळीने अडकवलेल्या) सायकलीचं काम वेगळं.

खरेदीआधी दोन मापं कागदावर लिहून घ्या. फ्रेममधल्या बीबीच्या नळीची रुंदी बहुधा ६८ किंवा ७३ मिलिमीटर भरते. ७० भरली तर थांबा, ती इटालियन असू शकते आणि तिचे आटे वेगळे. दुसरं माप एक्सलच्या लांबीचं. जुन्या बीबीवर ते छापलेलं असतं, ११३ किंवा १२२.५ असं काहीतरी. तेवढीच लांबी आणा, नाहीतर चेनची रेषा बिघडते.

ग्रीस, वायर ब्रश, चिंध्या, ८ मिलिमीटरची ॲलन की हे सगळं पुण्याच्या बोहरी आळीत मिळेल. क्रँक पुलर (एक्सलवरून क्रँक ओढून काढणारं अवजार) आणि वीस खाचांचा बीबी टूल मात्र सायकलच्या दुकानातूनच घ्या. पुलर लावण्याआधी बोल्टखालचा वॉशर आत राहिलेला नाही ना, हे बोट घालून बघा. पुलर हाताने शेवटपर्यंत बसल्याशिवाय पाना लावू नका. अर्धवट बसलेला पुलर क्रँकचे आटे उपटून काढतो.

आणि आता आटे. माझ्या मते सगळी तयारी याचसाठी आहे, कारण क्रँक नवा मिळतो, फ्रेमचे आटे नाही. ६८ आणि ७३च्या फ्रेममध्ये चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात. लक्षात ठेवायला सोपं: टूल वरच्या बाजूने मागच्या चाकाकडे फिरवलं की दोन्हीकडे घट्ट, पुढच्या चाकाकडे फिरवलं की सैल. पायडलचं नेमकं याच्या विरुद्ध. हे खडूने फ्रेमवर लिहून ठेवा, त्यात कमीपणा नाही. आटे ब्रशने चकचकीत करा, ग्रीस लावा आणि पहिले तीन-चार फेरे बोटांनीच द्या. अडलं तर परत काढा, जोर लावू नका. चेनच्या बाजूचं पूर्ण बसल्यावरच डावीकडचा कप, म्हणजे बीबीची दुसऱ्या बाजूची आटेवाली कडी, बसवा.

टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) नसेल तर मित्राकडून आणा: बीबीला ५० ते ७० न्यूटन मीटर, क्रँकच्या बोल्टला ३५ ते ५०. पहिली फेरी घराजवळच मारा, आणि सिंहगडाला निघण्याआधी दोन्ही बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासा.