संकष्टीला मोदक किती वळायचे?

ठाण्यातल्या नौपाड्यात पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्याला हा पेच दर महिन्याला पडतो. उकडीचा मोदक दुसऱ्या दिवशी विकता येत नाही, पारी कडक होते. कमी वळले तर साडेसातलाच 'मोदक संपले'ची पाटी लागते, जास्त वळले तर रात्री ताटं उरतात. बहुतेक जण गेल्या संकष्टीचा आकडा आठवतात आणि त्यात मनाने पंचवीस-तीस मिळवतात किंवा वजा करतात.

ऑपरेशन्स रिसर्चमध्ये, म्हणजे असे निर्णय गणिताने घेण्याच्या शास्त्रात, याला पेपरविक्याचा प्रश्न म्हणतात, कारण सकाळी उचललेला पेपर संध्याकाळी रद्दीत जातो. बँकेने रोकड किती हाताशी ठेवावी यासाठी अर्थशास्त्रज्ञ एजवर्थ यांनी १८८८ मध्ये असाच विचार मांडला होता. मालसाठ्याच्या गणितात तो १९५१ च्या अ‍ॅरो, हॅरिस आणि मार्शाक यांच्या लेखाने रुजला. करायला साधा कॅल्क्युलेटर पुरतो. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तिथे आपले घाला.

पायरी १ : एका मोदकाचा नफा-तोटा

विक्री ४० रुपये. एक जादा मोदक वळायला लागणारा खर्च १२ रुपये : पिठी, नारळ, गूळ, तूप मिळून ७, वळणाऱ्या बाईंची नगावरची मजुरी ३, गॅस आणि डबा २. म्हणजे मोदक कमी पडला तर २८ रुपयांचा नफा हुकतो, उरला तर १२ रुपये बुडतात.

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. दुकानाचं भाडं आणि महिन्याचे पगार यात धरायचे नाहीत. मोदक ३०० वळा नाहीतर ४००, भाडं तेवढंच जातं. उरलेले मोदक कामगारांना वाटले तर चांगलंच आहे, पण हिशेबात त्यांची किंमत शून्य धरा.

पायरी २ : गुणोत्तर

हुकणारा नफा भागिले (हुकणारा नफा + बुडणारा खर्च). २८ ÷ ४० = ०.७०. म्हणजे दहापैकी सात दिवस पुरेल इतका माल ठेवायचा.

पायरी ३ : मागणीची वही

वहीत खप असतो, मागणी नसते. माल साडेसातला संपला तर नंतर आलेली गिऱ्हाइकं कुठेच नोंदली जात नाहीत. असे कमी आकडे धरून पुढचा माल कमी केला की तो आणखी लवकर संपतो, आणि आकडा दर महिन्याला घसरत जातो. म्हणून माल संपल्याची वेळ लिहाच. ज्या दिवशी माल शेवटपर्यंत पुरला, त्या दिवशी त्या वेळेपर्यंत किती टक्के विक्री झाली होती ते पाहा. समजा ८० टक्के. मग ३२० वर संपलेल्या दिवसाची मागणी ३२० ÷ ०.८ = ४०० धरायची.

यात घड्याळाची वेळ फसवते. उपास चंद्रोदयानंतर सुटतो, आणि चंद्रोदय कधी साडेआठला, कधी दहा वाजून गेल्यावर असतो. त्यामुळे 'साडेसातला' असं न लिहिता 'चंद्रोदयाच्या दोन तास आधी' असं लिहा.

आगाऊ ऑर्डरी यातून वगळा. त्या पक्क्या असतात, शेवटी वेगळ्या मिळवायच्या. अंगारकीही वगळा.

पायरी ४ : चढता क्रम लावा आणि मोजा

पंधरा संकष्ट्यांची काउंटरवरची मागणी समजा अशी :

२६०, २७५, २९०, ३००, ३१०, ३२०, ३२५, ३४०, ३५०, ३६०, ३७५, ३९०, ४१०, ४४०, ४८०

१५ × ०.७० = १०.५. अपूर्णांक आला की वरचा पूर्णांक घ्यायचा, म्हणजे अकरावा आकडा : ३७५. सरासरी ३४८ येते. तेवढ्यावर थांबलात तर दर महिन्याला थोडा नफा सोडताय, कारण इथे कमी पडणं उरण्यापेक्षा दुपटीहून महाग आहे.

विश्वास बसत नसेल तर फक्त ३७५ वा मोदक पाहा. पंधरापैकी ५ दिवशी तो विकला जातो, ५ × २८ = १४० रुपये. १० दिवशी उरतो, १० × १२ = १२० रुपये. वीस रुपये हातात राहतात. ३७६ वा मात्र ४ दिवशीच विकला जातो : ११२ मिळतात, १३२ जातात. म्हणून तिथे थांबायचं.

भाडं घुसवून खर्च २२ धरला असता, तर गुणोत्तर ०.४५ आणि आकडा ३२५. एका चुकीने पन्नास मोदक कमी.

पायरी ५ : घाण्यात बसवा

मोदकपात्रात एका वेळी २५ बसत असतील, तर ३७५ म्हणजे नेमके पंधरा घाणे. ६० आगाऊ ऑर्डरी असतील तर ४३५, म्हणजे अठरा. शेवटचे तीन-चार घाणे संध्याकाळपर्यंत रोखून धरता आले तर उत्तमच. सारण फ्रीजमध्ये उद्यापर्यंत टिकतं, वाया जातो तो वळलेला मोदक. काउंटरवर गर्दी कशी आहे ते बघून मग उकड काढा.

रात्री उरलेले अर्ध्या किमतीत काढायचा मोह होईल. एखाद्या वेळी ठीक आहे. दर संकष्टीला केलंत तर गिऱ्हाईक साडेनऊची वाट बघायला लागतं, आणि वरची सगळी मागणीच बदलते.

अंगारकीला

ती वर्षातून मोजक्याच वेळा येते, त्यामुळे पंधरा आकडे जमायला वर्षं लागतील. मागच्या दोन अंगारक्यांची मागणी नेहमीच्या सरासरीच्या किती पट होती ते काढा. समजा १.६ आणि १.८, तर १.७ धरा : ३७५ × १.७ म्हणजे सुमारे ६३८, सव्वीस घाणे. भरणं-उकडणं धरून घाण्याला वीस मिनिटं लागली, तर एका पात्रावर पावणेनऊ तास जातात, आणि सकाळी अकराला निघालेला मोदक संध्याकाळी कोणी घेणार नाही. त्या दिवसापुरतं दुसरं पात्र आणि वळायला आणखी दोन हात आठवडाभर आधी सांगून ठेवा. अंगारकीच्या सकाळी ठाण्यात मोदक वळणारी बाई मोकळी सापडत नाही.