झोपेचे बिघडलेले घड्याळ सकाळपासून कसे लावावे

रात्री झोप येत नाही, अशी तक्रार असलेला माणूस साधारणपणे रात्रीचेच उपाय शोधतो: गरम दूध, पायांना तेल, लवकर दिवे बंद करणे. हे उपाय वाईट नाहीत. पण मेंदूचा विचार केला तर रात्रीच्या झोपेची तयारी त्या दिवशी सकाळीच सुरू झालेली असते, आणि सकाळ चुकली असेल तर रात्रीच्या उपायांना फारसा जोर उरत नाही. म्हणून पुढील पायऱ्या सकाळपासून सुरू होतात, आणि त्या याच क्रमाने घ्याव्यात.

आधी यंत्रणा थोडक्यात समजून घेऊ. दोन्ही डोळ्यांच्या चेता मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना छेदतात, तिथेच वरच्या बाजूला हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागात सुमारे २०,००० चेतापेशींचा एक पुंजका असतो. शरीराचे मुख्य घड्याळ ते हेच. पेशींमधील जनुके ही लय कशी राखतात याचा उलगडा फळमाश्यांवरील संशोधनातून झाला आणि त्यासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या या घड्याळाचा फेरा सरासरी २४ तासांपेक्षा काहीसा मोठा, म्हणजे जवळपास २४.२ तासांचा असतो. त्याला रोज कोणी जागेवर आणले नाही, तर ते दिवसाला दहा-बारा मिनिटे मागे पडत जाते. जागेवर आणण्याचे काम मुख्यतः उजेड करतो. दृष्टिपटलात मेलानॉप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या काही खास पेशी असतात. त्यांचे मुख्य काम वस्तू दाखवणे हे नसून, बाहेर किती उजेड आहे याची खबर या पुंजक्याला देणे हे असते.

झोपेचा मनःस्वास्थ्याशी संबंध थेट आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, रात्रभर जागवलेल्या निरोगी तरुणांना त्रासदायक चित्रे दाखवली असता, भीती व संतापाशी निगडित असलेल्या अमिग्डला या भागाचा प्रतिसाद झोप झालेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के अधिक आढळला, आणि त्याला आवर घालणाऱ्या कपाळामागच्या भागाशी असलेला त्याचा दुवा सैल झालेला दिसला. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी घरात क्षुल्लक कारणावरून वाद होतात, त्यामागे स्वभावाइतकाच हा सैल झालेला दुवाही असू शकतो.

पहिली पायरी: उठण्याची वेळ ठरवावी. झोपण्याची वेळ ठरवून उपयोग होत नाही, कारण झोप हुकमाने येत नाही. उठणे मात्र गजराने जमते. सातही दिवस पाळता येईल अशीच वेळ निवडावी. पाचचा निश्चय करून चौथ्या दिवशी तो सोडण्यापेक्षा साडेसहा बरे. येथे नाशिककरांनी एक स्थानिक गोष्ट ध्यानात घ्यावी. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर बेतलेली आहे आणि नाशिक ७३.८ अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे आपला सूर्य भिंतीवरच्या घड्याळापेक्षा सुमारे ३५ मिनिटे मागे चालतो. जानेवारीत येथे सूर्योदय सातनंतर होतो, तर जूनमध्ये सहाच्या सुमारास. हिवाळ्यात पाचला उठून दिव्याच्या उजेडात दोन तास बसणे ही मेंदूच्या लेखी पहाट नव्हे. रविवारी मिसळीच्या बेताने उशीर होणार असेल, तर तो तासाभरापेक्षा अधिक होऊ देऊ नये. तीन तास उशिरा उठल्यास घड्याळ मागे सरकते आणि रविवारी रात्री झोप येत नाही. सोमवारच्या उदासीचा काही भाग तरी रविवारच्या सकाळीच तयार झालेला असतो.

दुसरी पायरी: उठल्यापासून तासाभराच्या आत उघड्यावर जावे. सगळ्या लेखातली एकच गोष्ट करायची झाली, तर ती ही करावी. घरातला दिव्याचा उजेड डोळ्यांना पुरेसा वाटतो, पण मोजला तर तो बहुधा १०० ते ३०० लक्स (लक्स हे उजेडाचे माप) इतकाच भरतो. ढगाळ दिवशीही उघड्यावर अनेक हजार लक्स मिळतात आणि लख्ख उन्हात एक लाखाच्या आसपास. म्हणून श्रावणातल्या झाकोळलेल्या सकाळीही बाहेर पडणे फुकट जात नाही. गोदापार्क, गोल्फ क्लबचे मैदान, नाहीतर आपल्या इमारतीची गच्ची, काहीही चालेल. स्वच्छ दिवशी दहा-पंधरा मिनिटे, ढगाळ दिवशी अर्धा तास. सूर्याकडे रोखून पाहू नये, त्याने डोळ्यांना इजा होते. चालणे झाले तर उत्तमच, पण ओट्यावर बसून चहा घेतला तरी उजेड आपले काम करतोच. बंद काचेच्या खिडकीमागे मात्र हा उजेड बराच घटतो.

तिसरी पायरी: चहा-कॉफीची शेवटची वेळ ठरवावी. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन हे रसायन साठत जाते आणि झोपेची ओढ वाढते. कॅफीन हे अ‍ॅडेनोसिन नाहीसे करत नाही, फक्त मेंदूतील त्याच्या बसण्याच्या जागा अडवते. प्रौढांच्या शरीरातील निम्मे कॅफीन निघून जाण्यास साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातील निम्मे कॅफीन अकरालाही शिल्लक असते. दुपारी दोन-तीनची मर्यादा बहुतेकांना पुरते. मद्याचेही असेच. द्राक्षांच्या गावात हे सांगणे अप्रिय वाटेल, पण मद्याने डोळा लवकर लागतो आणि उत्तररात्रीची झोप तुटते.

चौथी पायरी: सूर्यास्तानंतर उजेड उतरवावा. छतावरच्या पांढऱ्या एलईडीऐवजी कोपऱ्यातला पिवळसर दिवा लावावा. उशिरा रात्रीचा प्रखर उजेड मेलाटोनिन हे रात्र झाल्याची खूण देणारे संप्रेरक दाबतो आणि घड्याळ पुढच्या दिवसासाठी मागे ढकलतो. मोबाइलचा पडदा त्यात भर घालतोच. परंतु माझ्या मते त्यावरचा मजकूर अधिक घातक असतो. झोपण्याच्या तास-दीड तास आधी गरम पाण्याने अंघोळ केल्यास हातापायांतून उष्णता बाहेर पडते, शरीराचे आतील तापमान उतरते आणि झोप लवकर लागते. थंडीत तर ही अंघोळ सुखाचीच.

पाचवी पायरी अंथरुणाची. वीसेक मिनिटे गेली असे वाटले आणि झोप आली नाही, तर घड्याळ न पाहता उठावे, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी नीरस वाचावे आणि पापण्या जड झाल्यावरच परत यावे. अंथरुणात तळमळत पडून राहिल्याने मेंदू अंथरुणालाच जागेपणाशी जोडून घेतो. ही कृती निद्रानाशावरील वर्तन-उपचारपद्धतीतली आहे. अमेरिकेतील वैद्यांच्या प्रमुख संघटनेने २०१६ साली दीर्घकालीन निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी हीच पद्धत वापरावी, अशी शिफारस केली.

नाशिकच्या सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींमधील रात्रपाळीच्या कामगारांना हा क्रम उलटा लागू होतो. पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागात भरपूर उजेडात राहावे, चहा त्याच वेळात संपवावा आणि सकाळी घरी जाताना गडद चष्मा लावावा. दुचाकीवर झोप अनावर होत असेल, तर हा चष्मा धोक्याचा ठरतो. अशा वेळी बस किंवा रिक्षा बरी. दिवसा झोपण्याच्या खोलीला जाड पडदे हवेतच. दर आठवड्याला पाळी बदलत असेल, तर घड्याळ कधीच पूर्ण जुळत नाही. तेव्हा पाळी कोणतीही असो, निदान तीन-चार तासांची झोप रोज त्याच वेळी पडेल असे पाहावे.

दोन-तीन आठवडे हे नेटाने केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. मात्र काही लक्षणांत थांबणे योग्य नाही. मोठे घोरणे आणि मध्येच श्वास अडकणे असेल, तर छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. झोप अगदी कमी होऊनही अंगात विलक्षण उत्साह, अखंड बोलणे, अवाजवी खर्च असे दिसले, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे लगेच जावे. झोपेच्या गोळ्या आधीपासून चालू असतील, तर त्या एकाएकी बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कमी कराव्यात. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर १४४१६ या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या विनामूल्य क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करावा. तेथे मराठीतही बोलता येते. डॉक्टरांकडे जाताना मागील दोन आठवड्यांच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा, चहाचे कप आणि पाळीच्या वेळा एका कागदावर लिहून न्याव्यात.